क्वीन मेरी २: साऊथॅम्प्टन ते न्यूयॉर्क ७ रात्री. ब्रिटानिया घ्यावं की प्रिन्सेस ग्रिल?

ओवी_लंडन:

नमस्कार मंडळी. जूनमध्ये लंडनहून न्यू जर्सीत एडिसनला बिऱ्हाड हलवायचं आहे. आम्ही दोघं, ६ वर्षांची मुलगी आणि ७१ वर्षांच्या सासूबाई. सामान बरंच आहे, म्हणून विमानाऐवजी क्यूनार्ड कंपनीच्या क्वीन मेरी २ या जहाजाने जायचा विचार पक्का होत आलाय. वाटेत एकही बंदर नाही, म्हणजे सलग ७ रात्री फक्त जहाज.

माहिती हवी आहे ती अशी:
१. ब्रिटानिया या साध्या वर्गाच्या दोन खोल्या आणि प्रिन्सेस ग्रिल हा वरचा वर्ग यांच्या भाड्यात खूप फरक आहे. तेवढ्या पैशात नेमकं काय वेगळं मिळतं?
२. बाल्कनी घ्यावी का? कुठल्या डेकवर?
३. सासूबाई पूर्ण शाकाहारी, अंडंही नाही, एकादशी करतात. त्यांचं जेवणाचं जमेल ना?
४. संध्याकाळच्या कपड्यांचे नियम खरंच इतके कडक आहेत का?

ज्यांना या जहाजाची नीट माहिती आहे त्यांनीच सांगा, कृपया.

---

डोलकाठी:

ओवीताई, आधी एक गोष्ट लक्षात घ्या, बाकीचे निर्णय तिच्यावरच ठरतात. क्वीन मेरी २ हे क्रूझ जहाज नाही, लायनर आहे, म्हणजे महासागर ओलांडायला बांधलेलं जहाज. २००४ साली ते सेवेत आलं ते मुळात उत्तर अटलांटिक ओलांडण्यासाठी. लांबी ३४५ मीटर, पाण्याखाली सुमारे १० मीटर खोल, पुढची नाळ लांब आणि निमुळती. जोर लावला तर ३० नॉटच्या (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) आसपास पळू शकतं, पण ७ रात्रींच्या वेळापत्रकात २० नॉटच्या आसपास निवांत चालतं. त्यामुळे तशाच समुद्रात एखादं उंच, उथळ तळाचं क्रूझ जहाज जितकं डोलेल त्यापेक्षा हे पुष्कळ कमी डोलतं. कमी म्हणजे अजिबात नाही असं मात्र नव्हे.

खोली निवडताना दर्जापेक्षा जागा बघा. डोलणं दोन प्रकारचं असतं. बाजूला झुकतं ते बरंचसं पोटाबाहेर निघणारे पंख, म्हणजे स्टॅबिलायझर, आवरतात. पुढचं टोक वर-खाली होतं त्याला पंखांचा उपयोग नाही. सी-सॉसारखंच आहे: टोकाला जास्त, मध्यावर कमी. म्हणून डेक ४, ५ किंवा ६, जहाजाच्या मधोमध. सासूबाईंसाठी यात तडजोड करू नका. स्वस्त मिळतेय म्हणून अगदी पुढची खोली घेतली तर वादळी रात्री नाळ पाण्यावर आपटल्याचे दणके उशीशी ऐकू येतात.

डेक ६ घेतलात तर नकाशात वरच्या डेकवर काय आहे ते बघा. डेक ७ च्या मध्यभागी किंग्ज कोर्ट हा बुफे आहे आणि पहाटेपासून तिथे ट्रॉल्या आणि खुर्च्या सरकतात. वर-खाली दोन्हीकडे खोल्याच असतील असा नंबर निवडायचा, हा सोपा नियम.

बाल्कन्या दोन प्रकारच्या आहेत. डेक ४ ते ६ वरच्या बाल्कन्या जहाजाच्या पोलादी अंगातच कोरलेल्या आहेत. पुढे काचेऐवजी पोलादी भिंत. खुर्चीत बसलं की समोर भिंत आणि वर आभाळ दिसतं, समुद्र बघायला उभं राहावं लागतं. वरच्या डेकवर काचेचे कठडे आहेत, बसल्या जागी समुद्र दिसतो, पण वारा थेट अंगावर येतो. डेक ८ वरच्या काही बाल्कन्यांसमोर लाइफबोटी टांगलेल्या आहेत. त्या भाड्यात स्वस्त असतात त्या त्यामुळेच.

आता वाऱ्याचं. पश्चिमेकडे जाताना जहाजाचा वेग २० नॉट आणि समोरून येणारा पश्चिमी वारा समजा २० नॉट. डेकवर उभ्या माणसाला ४० नॉट लागतो, म्हणजे ताशी ७४ किलोमीटर. तोच वारा न्यूयॉर्कहून परत येताना पाठीमागून असतो, त्यामुळे डेकवर जवळजवळ शांत वाटतं. तुम्ही पश्चिमेला निघालाय, म्हणजे वारा तोंडावर. जून असला तरी भर समुद्रात हवा १० ते १५ अंशांची धरून चाला. वारा वाढला की उघड्या डेकचे दरवाजे बंद करतात. अशा वेळी वापरता येते ती पोलादी भिंतीची बाल्कनी. माझं मत: या दिशेच्या प्रवासाला डेक ५ मधोमध, पोलादी बाल्कनी, आणि तीही डाव्या बाजूची. पश्चिमेकडे तोंड असताना दक्षिण डावीकडे येते, ऊन तिकडेच पडतं. उजवीकडच्या बाल्कन्या बहुतेक वेळ सावलीत गारठलेल्या.

यावरून हटकून निघणारी गोष्ट: ‘पॉश’ हा शब्द म्हणे मुंबईला जाताना डावीकडची आणि परतताना उजवीकडची खोली घेणाऱ्या साहेबलोकांच्या तिकिटांवरच्या ‘पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम’च्या आद्याक्षरांवरून आला. ऐकायला छान आहे, पण तशी अक्षरं छापलेलं एकही तिकीट आजवर मिळालेलं नाही.

---

हिशोबी:

प्रश्न १ पुरतं.

या जहाजावर खोलीचा वर्ग म्हणजे जेवणाचं टेबल. खोलीवरून जेवणघर ठरतं, नाटकघर, वाचनालय, व्याख्यानं, नाचाचा हॉल सगळ्यांना एकच. ब्रिटानियात रात्रीचं जेवण दोन पंगतींत: पहिली सहा-साडेसहाला, दुसरी साडेआठला, टेबल ठरलेलं. प्रिन्सेस ग्रिल आणि क्वीन्स ग्रिलची जेवणघरं डेक ७ वर मागच्या बाजूला आहेत, लहान, शांत. टेबल ७ रात्री तुमचंच, ठरलेल्या वेळेत कधीही जा, यादीबाहेरचा पदार्थ सांगितला तर करून देतात. प्रिन्सेसची खोली मोठी, क्वीन्सला वर बटलर. मध्ये ब्रिटानिया क्लब नावाची एक पायरी आहे: खोली साध्या बाल्कनीसारखीच, पण जेवणघर वेगळं, छोटं, पंगतीची वेळ नाही. बहुतेक लोक ही पायरी बघतच नाहीत.

ग्रिल म्हणजे सगळं भाड्यात आलं असं समजू नका. सिल्व्हरसी, रीजंट, सीबॉर्न या महागड्या क्रूझ कंपन्यांच्या भाड्यात दारू आणि टिपा धरलेल्या असतात. क्यूनार्डच्या बारमध्ये ग्रिलवाल्यांनाही बिल लागतं आणि त्यावर १५ टक्के सेवाशुल्क. शिवाय माणशी रोजचा सेवाशुल्क खात्यावर पडतो, बुकिंग करताना तो भाड्यात धरलाय की वेगळा ते विचारून घ्या. हिशोब डॉलरमध्ये होतो.

तुमच्या घरात कोणी पीत नसेल आणि मूल ८ ला झोपणारं असेल तर ग्रिलचा फरक वसूल होत नाही. समोरासमोरच्या दोन खोल्या घ्या, एक बाल्कनीची, एक आतली. आतल्या खोलीत झोप उत्तम लागते आणि दिवसा चौघं बाल्कनीच्या खोलीत. पहिली पंगत मागा, आणि बुकिंगच्या दिवशीच मागा. मुलंबाळंवाले आणि वयस्कर सगळे तीच मागतात, ती आधी भरते.

---

वल्हं_आणि_वारा:

हिशोबींच्या शेवटच्या मुद्द्याशी थोडा असहमत. आतली खोली तरण्याताठ्यांना ठीक. ज्यांना मळमळण्याची भीती आहे त्यांना क्षितिज दिसलं पाहिजे. कान सांगतो हलतंय, डोळा सांगतो सगळं स्थिर आहे, या भांडणातूनच मळमळ सुरू होते. सासूबाई आतल्या खोलीत नकोत. त्या मुलीसोबत बाल्कनीच्या खोलीत आणि तुम्ही दोघं आत, असं करा. या जहाजावर काही आतल्या खोल्यांना ग्रँड लॉबीकडे उघडणारी खिडकी आहे. उजेड मिळतो, पण क्षितिज नाही, म्हणून त्यावर भुलू नका.

आणखी एक बारीक गोष्ट. लाटा वाढल्या की खोलीची लाकडी पॅनेलं करकरतात आणि कपाटातले हँगर खणखण वाजतात. हँगरांमध्ये गुंडाळलेला टॉवेल कोंबायचा. करकरणाऱ्या फटीत जाड कार्डाची घडी सरकवायची. रात्री दोनला हे सुचत नाही, म्हणून पहिल्याच संध्याकाळी करून ठेवा.

---

तिखटमीठ:

जेवणाबद्दल. जमतं, पण सांगावं लागतं, आणि नीट शब्दांत सांगावं लागतं.

बुकिंगमध्ये ‘व्हेजिटेरियन’ लिहिलं तर ब्रिटिश अर्थाने लिहिलं जातं: अंडं चालतं, चीज चालतं. म्हणून अंडं नाही, मासे नाहीत, मांस-मासळीचा स्टॉक नाही, जिलेटिन नाही, असं एकेक लिहून द्या. गडबड कुठे होते ते सांगते. भाजीच्या सुपात कोंबडीचा स्टॉक. सॅलडवरचं पार्मेझान, ज्यात वासराच्या पोटातलं रेनेट असतं. मूस आणि पन्ना कोटात जिलेटिन. वुस्टरशायर सॉसमध्ये अँचोव्ही मासा. ताजा पास्ता बहुतेक अंड्याचा. केक आणि पेस्ट्री बहुतेक अंड्याच्या, त्यामुळे गोडात फळं, सोर्बे नाहीतर विचारून आइस्क्रीम.

पहिल्या संध्याकाळी पंगतीत बसण्याआधीच ब्रिटानियाच्या मॅत्र दी, म्हणजे जेवणघराच्या प्रमुखाला भेटा. त्यानंतर रोज रात्री जेवण झालं की उद्याचं मागायचं: वरण-भात, एखादी सुकी भाजी, रोटी. स्वयंपाकघरात भारतीय कुक असतात, तासाभरात नाही पण एका दिवसाआधी सांगितलं की करतात. ब्रिटिश जहाजांवर गोव्याच्या तारवट्यांची, म्हणजे खलाशांची, परंपरा जुनी आहे. वाढणारा माणूस कोकणी-मराठी बोलणारा निघाला तर सासूबाईंचा निम्मा प्रश्न तिथेच सुटतो. कांदा-लसूण नको असेल तर मात्र ग्रेव्हीचं काही मागू नका. ग्रेव्ही मोठ्या पातेल्यात आधीच करून ठेवलेली असते, त्यात कांदा-लसूण असतोच. जिऱ्याची फोडणी दिलेलं वरण आणि सुकी बटाटा-फ्लॉवर वेगळी करणं त्यांना सोपं जातं.

दुपारी किंग्ज कोर्टमध्ये करीचा एखादा प्रकार बहुतेक असतो. शाकाहारी कुठला ते वाढणाऱ्याला विचारा, पाटीवर अवलंबून राहू नका, आणि वाढायचा डाव दोन भांड्यांत फिरत नाही ना तेही बघा.

एकादशीला साबुदाणा-वरी मिळायची नाही. उकडलेला बटाटा, दूध, दही, फळं, खजूर, सुकामेवा, एवढं हमखास मिळतं. घरचा शिजवलेला पदार्थ जहाजावर नेता येत नाही. कारखान्यात पॅक केलेलं कोरडं खाणं, न फोडलेलं पाकीट, चालतं: राजगिऱ्याचे लाडू, शेंगदाण्याची चिक्की, वेफर्स. खोलीत केटल आहे. घरची इलेक्ट्रिक केटल, इंडक्शन, इस्त्री आणू नका, सामान तपासताना काढून घेतात. प्लग ब्रिटिश आणि अमेरिकन दोन्ही चालतात.

दुपारी साडेतीनचा चहा क्वीन्स रूममध्ये. पांढरे हातमोजे घातलेले वाढपी, आधी सँडविचं, मग स्कोन आणि क्लॉटेड क्रीम, शेवटी केक. सँडविचांचा ट्रे एकत्र येतो, काकडीच्या शेजारी अंडं आणि सामन मासा, म्हणून सासूबाईंची बशी वेगळी मागवा. सव्वातीनला जाऊन बसलं तर खिडकी मिळते. जागेसाठी लोक तितके तत्पर असतात.

---

निऱ्या:

कपडे. संध्याकाळी ६ नंतर पुरुषांना नीटनेटके कपडे लागतात, टाय ऐच्छिक. ७ रात्रींत बहुधा दोन गाला, म्हणजे खास नटून जायच्या, रात्री असतात, त्यांना डिनर जाकीट किंवा गडद सूट. बंदगळा, शेरवानी, साडी हे सगळं उत्तम चालतं, आपल्याला काही विकत घ्यायला नको. ज्यांना नटायचं नाही त्यांनी किंग्ज कोर्ट, गोल्डन लायन पब, कॅरिंथिया लाउंज इथे साध्या कपड्यांत बसावं, तिथे कोणी हटकत नाही.

पैठणी नेणार असाल तर एवढं करा. ती नेसून उघड्या डेकवर फोटोला जाऊ नका. वाऱ्यात पदर आवरत नाही हा भाग वेगळा, खारा तुषार जरीवर बसला की जर काळी पडते. फोटो ग्रँड लॉबीच्या जिन्यावर काढा, उजेड चांगला आहे. साडी नेहमीपेक्षा दोन बोटं वर नेसा. जिना चढताना जहाज हललं तर एक हात कठड्यावरच हवा, निऱ्या धरायला दुसराच उरतो. चप्पल सपाट, पाठीमागे पट्टा असलेली.

धुण्याच्या खोल्या बऱ्याच डेकवर आहेत. मशीन, ड्रायर, साबण, इस्त्री सगळं फुकट. समुद्रातल्या दुसऱ्या-तिसऱ्या सकाळी तिथे रांग असते, जेवणाच्या वेळी मोकळं.

---

ओवी_लंडन:

केवढी माहिती, मनापासून आभार! क्लबची पायरी माहीतच नव्हती. अजून दोन शंका. सासूबाईंना रक्तदाबाची गोळी आणि रात्री इन्शुलिन आहे. घड्याळ बदलतं त्याचं काय करायचं? आणि मळमळीची गोळी आधी द्यायची की त्रास झाल्यावर?

---

कडुनिंब:

घड्याळाचं: पश्चिमेकडे जाताना ७ पैकी ५ रात्री घड्याळ एकेक तास मागे जातं. लंडन-न्यूयॉर्कमधला ५ तासांचा फरक असा वाटून भरून काढतात. दिवस २५ तासांचा होतो, त्यामुळे न्यूयॉर्कला उतरल्यावर जेट लॅग नसतो. या प्रवासाचा शरीराला होणारा सगळ्यात मोठा फायदा हाच. उलट्या दिशेला दिवस २३ तासांचे होतात. औषधांच्या बाबतीत दोन डोसांमधलं अंतर रोज जास्तीत जास्त एक तासाने वाढतं, विमानात एकदम पाचने. रक्तदाबाच्या गोळीला याने फारसा फरक पडत नाही. इन्शुलिन कुठलं आणि किती वाजता, ते निघण्याआधी डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या, जहाजाच्या घड्याळाप्रमाणे. फोन विमान मोडवर ठेवा. एक तर समुद्रातलं रोमिंग भयंकर महाग, आणि दुसरं म्हणजे फोन स्वतःहून वेळ बदलेल की नाही याचा भरवसा नाही. उशाशी साधं घड्याळ असू द्या.

मळमळीची गोळी त्रास सुरू व्हायच्या आधी. एकदा उलट्या लागल्या की गोळी पोटात टिकत नाही. ब्रिटनमध्ये आणि भारतात सिनारिझिन मिळतं. अमेरिकेत ते विकत नाहीत, तिथे मेक्लिझिन. म्हणून लंडनहूनच घेऊन निघा. दोन्हींनी गुंगी येते. सासूबाईंना पार्किन्सन किंवा काचबिंदू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय यातलं काहीही देऊ नका. त्याखेरीज उपाशी न राहणं, आल्याचा तुकडा, कोरडी बिस्किटं, हिरवं सफरचंद, मधल्या डेकवर क्षितिजाकडे बघत बसणं.

दवाखाना डेक १ वर आहे, डॉक्टर-नर्स असतात, पण प्रत्येक तपासणीचं बिल लागतं. कंपनी ब्रिटिश असली तरी जहाजावर एनएचएस, म्हणजे ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवा, नाही. मध्य अटलांटिकमध्ये हेलिकॉप्टरही पोहोचत नाही, जमिनीच्या टप्प्यात यायला दोन-तीन दिवस लागू शकतात. क्रूझ आणि जुने आजार दोन्ही स्पष्ट लिहिलेला विमा घ्या. औषधं १५ दिवसांची, मूळ पाकिटात, हातातल्या पिशवीत. मोठ्या बॅगा बंदरावर हमालांकडे दिल्या की खोलीत यायला संध्याकाळ होते.

हात साबणाने धुवा. पोट बिघडवणारा नोरोव्हायरस सॅनिटायझरने नीट मरत नाही.

---

डोलकाठी:

मुलीसाठी: डेक ६ वर मागच्या बाजूला मुलांची खोली आहे, फुकट, सांभाळायला माणसं असतात, रात्रीही उघडी. तिथेच बाहेर उथळ तलाव. जहाजावरच्या तारांगणाचे खेळ फुकट असले तरी जागा मोजक्या असतात, आदल्या रात्री खोलीत येणाऱ्या कार्यक्रमपत्रिकेत कसं बुक करायचं ते बघून घ्या. डेक ७ वरून जहाजाला पूर्ण फेरी मारता येते, एक फेरी ६०० मीटरच्या आसपास. दुपारी १२ ला भोंगा होतो आणि कप्तान जागा, वारा, पाण्याची खोली सांगतो. मोठा कागदी नकाशा नेला तर तिला रोज एक ठिपका काढता येईल. न्यूफाउंडलंडजवळ जूनमध्ये धुकं हमखास, तेव्हा दर दोन मिनिटांच्या आत एक लांब भोंगा वाजवण्याचा नियम आहे. आधी सांगून ठेवा, नाहीतर पोरगी दचकून उठेल.

---

एडिसन_कट्टा:

उतरायचं आणि सामानाचं.

या फेरीला बॅगांच्या संख्येवर बंदी नाही, पण प्रत्येक बॅग २३ किलोच्या आत हवी आणि सगळं तुमच्याच खोलीत मावलं पाहिजे. पलंगाखाली सरकतील अशा बॅगा घ्या. बिऱ्हाड हलवताना हमखास होणारी चूक म्हणजे स्वयंपाकघर उचलून आणणं. ताजा कढीपत्ता, फळं, बियाणं, भारतात पिकलेला तांदूळ आणि हरभरा-मुगासारखी कडधान्यं अमेरिकेत आणू नका. तांदूळ-कडधान्यांवर खापरा भुंगेरा या धान्यातल्या किडीमुळे बंदी आहे. दळलेले मसाले, चहा, पॅकबंद चिवडा चालतो, पण खाण्याचं आहे ते सगळं कस्टमला सांगा. न सांगितल्यावरच दंड होतो.

जहाजावर चढतानाच अमेरिकेचा व्हिसा तपासतात. उतरल्यावर चौघांचाही आय-९४, म्हणजे अमेरिकेतल्या प्रवेशाची नोंद, त्याच दिवशी ऑनलाइन काढून नाव आणि तारीख बघा.

शेवटच्या सकाळी अलार्म लावा. पहाटे पाचच्या आसपास जहाज न्यूयॉर्क बंदराच्या तोंडावरच्या व्हेराझानो पुलाखालून जातं. धुराडं पुलाखालून जावं म्हणून मुद्दाम बुटकं केलंय, तरी टेकेल असंच वाटतं. मग स्वातंत्र्यदेवता डावीकडे. डेक ११ च्या पुढच्या सज्जावर गर्दी असते, डेक ७ ची डावी बाजू मोकळी मिळते. स्वेटर घाला.

बॅगा आदल्या रात्री दाराबाहेर ठेवायच्या, त्या धक्क्यावर रंगाच्या चिठ्ठीप्रमाणे मिळतात. बॅगांना चारही बाजूंनी ठळक फीत बांधा, काळ्या बॅगांच्या त्या रांगेत दुसरी खूण उपयोगी पडत नाही. जहाज ब्रुकलिनला रेड हुकमध्ये लागतं, जवळ सबवे नाही. आठ-दहा बॅगा असतील तर मोठी व्हॅन आधीच ठरवा, वेळ साडेनऊची सांगा, आठची नको. एडिसनला मॅनहॅटनमधून जाऊ नका. गोवॅनस एक्सप्रेसवे, पुन्हा तोच व्हेराझानो पूल, स्टेटन आयलंड, गोथल्स पूल आणि मग न्यू जर्सी टर्नपाइक हा महामार्ग. टोल भाड्यात धरलाय का ते ड्रायव्हरला बसण्याआधी विचारा.